कवळीवाल्यांचा एकजीव खडक

दर रविवारी सकाळी साडेदहाला मुलीचा फोन येई आणि दोन मिनिटांच्या आत ती मेंदूची चौकशी करी. हा मेंदू कवळीवाल्यांच्या माशांच्या टाकीतला. मुठीएवढं, हिरव्या घड्याघड्यांचं, दगडासारखं कडक प्रवाळ; दिसायला थेट मेंदू, म्हणून नावही तेच. नाव मुलीनं ठेवलं होतं, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना. घरी कुणी आलं की ती सांगायची, "आमच्या घरात एकच मेंदू आहे, तो पाण्यात असतो."

"मेंदू कसा आहे?"

"मजेत."

"फोटो पाठवा ना."

"पाठवतो."

मग कवळीवाले उरलेला चहा पीत फोनमधले फोटो मागे मागे सरकवत जात आणि दोन वर्षांपूर्वीचा, बऱ्या उजेडातला एखादा फोटो पाठवून देत. असे सहा रविवार निभावले. सातव्या रविवारी मुलगी म्हणाली, "बाबा, मी येतेय. ऑफिसचं काम निघालंय तिकडे. बावीस तारखेला. तीन दिवस राहीन."

ते "अरे वा" म्हणाले. फोन ठेवल्यावर भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. एकोणीस दिवस होते, आणि टाकीतला मेंदू निम्म्याहून अधिक झाकला गेला होता.

कवळीवाले दातांच्या लॅबमध्ये काम करतात. एकतीस वर्षं झाली. दवाखान्यांतून जबड्यांचे ठसे येतात. ते त्यांत प्लास्टर ओततात, मेणात एकेक दात लावतात, कवळी पुरी करून खोक्यात घालून परत धाडतात. त्यांच्या हातचे दात लावून जेवणारी माणसं या शहरात हजारोंनी असतील, पण त्यांतल्या एकाचाही चेहरा त्यांनी पाहिलेला नाही. ठसा बघून ते सांगतात, हा डाव्या बाजूनंच चावतो, ही झोपेत दात खाते. यापलीकडे ओळख नाही. खोक्यावर नंबर असतो. बायको दुसऱ्या गावी राहते. भांडण नाही, बोलणंही नाही. मुलगी वडिलांपाशी राहिली, शिकली, आणि दीड वर्षापूर्वी नोकरीसाठी विमानानं नऊ तास लागतील इतक्या लांब गेली.

खाऱ्या पाण्याची टाकी दोघांनी मिळून मांडली होती, त्याला आता आठ वर्षं होतील. चार फूट लांब, बैठकीच्या भिंतीला लावून. आत अकरा दगड रचायचे होते. गल्लीच्या टोकाला मत्स्यालयाचं दुकान आहे. तिथल्या मालकाला सगळे टाकीवाला म्हणतात. त्यानं बजावलं होतं की दगड नुसते एकमेकांवर ठेवा, उद्या हलवावे लागतील. पण डुगडुगणारी वस्तू कवळीवाल्यांना बघवत नाही. "लोकांच्या तोंडात काही हलू नये म्हणून मी जन्मभर जिवाचं रान केलं," ते म्हणाले, "आणि माझ्या घरात दगड हलणार?" दोन रविवार बसून त्यांनी अकराही दगड सांध्याला सांधा जोडून चिकटवले. मुलगी चिकटवायची लुगदी मळून देत होती. शेवटी त्यांनी दोन्ही हातांनी खडक धरून हलवून बघितला. तसूभर हलला नाही. पुढे मेंदू आणला, तोही त्याच खडकावर मधोमध पक्का बसवला.

जायच्या दोन आठवडे आधी मुलीनं टाकीवाल्याकडून बोटभर लांबीचं एक मऊ प्रवाळ आणलं. झेनिया. फिकट गुलाबी देठ, वर पंजांचा गुच्छ, प्रत्येक पंजाला आठ बोटं. हे पंजे सारखे उघडतात, मिटतात, पुन्हा उघडतात. "मी गेले की हे टाटा करत बसेल," ती म्हणाली. "तुम्हाला सोबत."

सोबत झाली, हे खरं. पहिले काही महिने कवळीवाले कामावरून आले की खुर्ची ओढून टाकीसमोर बसत. एकाचे तीन देठ झाले, तिनाचे नऊ. फोनवर ते सांगत, "तुझं पोर हातपाय पसरतंय." ती हसायची. त्यांनाही बरं वाटायचं, कारण तिला सांगण्यासारखं दुसरं काही घरात घडत नव्हतं.

झेनिया ही बोट दिलं की हात धरणारी जात. देठ वाकतो, शेजारच्या दगडाला टेकतो, तिथं पाय रोवतो आणि मागून तुटून वेगळा होतो. असं करत तो चालतो. मोकळ्या वाळूवर त्याला पाय रोवता येत नाही, तिथं तो अडतो. कवळीवाल्यांच्या टाकीत मात्र दगडाला दगड चिकटलेला. त्याला हमरस्ताच मिळाला.

वर्षभरात उजवी बाजू गुलाबी झाली. तेव्हा त्यांनी लॅबमधली लांब कात्री आणली आणि एका सकाळी बसून सगळं बुडापासून छाटलं. लॅबमध्ये घासकाम करताना पंखा चालू ठेवायचा असतो, म्हणजे भुकटी अंगावर न बसता उडून जाते. हाताला तीच सवय. टाकीत पाणी फिरवणारा पंप त्यांनी चालूच ठेवला. कापलेले तुकडे पाण्याबरोबर झोकात निघून गेले. समोर स्वच्छ दगड दिसला. त्यांना समाधान वाटलं.

महिन्याभरात प्रत्येक फटीत, पंपाच्या झाकणावर आणि मेंदूच्या तिन्ही अंगांना नवे पंजे उघडझाप करू लागले.

"पंप चालू ठेवून कापलंत?" टाकीवाल्यानं विचारलं.

"हो."

"म्हणजे कापलं नाहीत, कवळीवाले. पेरलंत."

"आता उपाय सांगा."

"सोपा आहे. ज्या दगडावर आहे तो उचलायचा, बाहेर काढून उन्हात टाकायचा. कोणत्या दगडावर आहे?"

"दगड एकच आहे."

टाकीवाल्याला आठवलं आणि त्यानं कपाळाला हात लावला. "पाहुणा म्हणून आणलात, त्याचा घरजावई झाला. वर घर असं बांधलंय की एक खोली बंद करायची सोय नाही."

"तुम्ही परत घ्याल?"

"फुकटसुद्धा नको. पोरीला सांगून टाका ना. हौस तिची होती."

नेमकं तेच त्यांना जमेना. तू सोबत म्हणून दिलंस, त्यानं तुझा मेंदू गिळला. हे वाक्य त्यांनी दोन-तीन रविवारी मनात जुळवून पाहिलं. दर वेळी ते तिला दोष दिल्यासारखं वाटलं. जुना फोटो पाठवणं त्यापेक्षा सोपं होतं.

आता एकोणीस दिवस राहिले होते. पंप बंद ठेवून ते रोज संध्याकाळी चिमट्यानं एकेक देठ उपटत. देठ शेंबडासारखा निसटतो आणि दगडावर टाचणीच्या डोक्याएवढा जरी उरला तरी पुन्हा धरतो. मग उजेड कमी तर वाढ कमी, म्हणून त्यांनी टाकीवरच्या दिव्याची वेळ निम्म्यावर आणली. आजार म्हशीला आणि औषध पखालीला: झेनियाला काही झालं नाही, मेंदू मात्र आणखी फिकटला. सोळा तारखेला पंजे बाजूला सारून त्यांनी बोटानं चाचपलं. दोनतृतीयांश भाग पांढरा आणि खरखरीत होता. गेलेला.

एकोणीस तारखेला ते लॅबमधून प्लास्टर कापायची करवत आणि बारीक छिन्नी घेऊन निघाले. दारात पॉलिशवाल्या बाईंनी अडवलं. कवळ्यांना शेवटची झळाळी देण्याचं काम त्यांच्याकडे असतं आणि तोंडही तसंच चकचकीत चालतं.

"आज घरी कुणाचा जबडा फोडताय?"

"खडक आहे."

"हात्तिच्या. मला वाटलं माणसाचा. माझ्या भावजयीचं नाव सुचवणार होते." मग आवाज उतरवून त्या म्हणाल्या, "मुलगी येतेय ना? तिच्या झोपायचं काय? तिची खोली उघडलीत का?"

खोली उघडली नव्हती. कवळीवाल्यांच्या ते डोक्यातच आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. त्यांनी आधी खोली झाडली, पलंगावर धुतलेली चादर घातली, मग टाकीकडे वळले. खारं पाणी भरून तीन बादल्या मांडल्या. मासे पहिल्या बादलीत काढले. अख्खा खडक वरून बाहेर निघत नव्हता, म्हणून आत हात घालून सांधे कापायला घेतले. दहा दहा मिनिटं करवत चालवूनही सांधा सुटेना. जोर लावला की शेजारचा दगड तुटायचा, सांधा तसाच. काम किती पक्कं झालं होतं याचं त्यांना क्षणभर कौतुक वाटलं, आणि लगेच स्वतःचा राग आला.

मेंदू शेवटी घेतला. मेलेला भाग तेवढा काढायचा होता. दाताची कड साधावी तशी त्यांनी छिन्नी लावली, पण चीर वाकडी गेली आणि जिवंत भागातलाही एक लचका निघाला. अक्रोडाएवढा हिरवा तुकडा हातात उरला. त्याच्या कडा घासून त्यांनी तो दुसऱ्या बादलीत ठेवला आणि बराच वेळ हात पुसत राहिले.

गुलाबी झालेले दगड गच्चीच्या उन्हात टाकले. तासाभरात पंज्यांची तपकिरी साल झाली आणि वास सुटला. एक देठ मात्र त्यांनी पाण्याच्या बरणीत घालून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवला. का ठेवला, ते त्यांना नीट सांगता आलं नसतं.

दोन दगड कापताना तुटले होते; बाकीचे नऊ साल खरवडून, धुऊन टाकीत परत गेले आणि मेंदूचा तुकडा मधल्यावर बसला. दर दोघांत चार बोटं वाळू. कुणाचा कुणाला स्पर्श नाही. प्रत्येक दगड त्यांनी बोटानं एकदा ढकलून बघितला. प्रत्येक डुगडुगला. त्यांनी तसाच राहू दिला.

बावीसला मुलगी आली. बॅग दारात टेकवून ती बूट न काढता टाकीपाशी गेली.

"हे काय केलंत?"

"जरा मोकळं केलं."

"मेंदू?"

त्यांनी बोट दाखवलं. ती उकिडवी बसली आणि काचेला नाक लावून बघत राहिली. "बाबा, हा अर्धासुद्धा नाही."

"नाही."

"तुम्ही पाठवलेल्या सगळ्या फोटोंत निळा मासा होता."

कवळीवाल्यांनी काचेवरचा पाण्याचा डाग बाहीनं पुसला.

"निळा मासा मी गेल्यावर दुसऱ्याच महिन्यात गेला. तुम्हीच फोन करून सांगितलंत. वीस मिनिटं बोलत होतात त्याच्यावर. माझ्या नोकरीबद्दल इतकं कधी बोलला नाहीत."

"मग पहिल्याच रविवारी का नाही बोललीस?"

"बोलले असते तर पुढच्या रविवारी मासा नसलेला फोटो शोधला असतात."

"होता एक," ते म्हणाले.

ती हसली, पण पुरतं नाही. "झेनियानं केलं हे?"

"मी केलं. कापताना पंप चालू ठेवला."

"मी आणलं होतं, म्हणून सांगितलं नाहीत."

ते चहा टाकायला आत गेले. ती मागोमाग आली आणि तिला खिडकीतली बरणी दिसली. आत एकुलता एक देठ सावकाश उघडझाप करत होता.

"आणि हे?"

"एक राहिलं."

"राहिलं की ठेवलं?"

"ठेवलं."

तीन दिवसांतले दोन ती सकाळी नऊला बाहेर पडून रात्रीच्या जेवणालाच परतली. जेवताना तिचा फोन वाजत राहायचा. तिथल्या घराबद्दल त्यांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "खोली बरी आहे. शेजारी कोण राहतं ते माहीत नाही." त्यांनी तिला आणखी वाढलं.

निघायच्या सकाळी तिनं बरणी आणली. एक सुटा, चपटा दगड निवडला, त्यावर देठ चिकटवला आणि टाकीच्या डाव्या कोपऱ्यात नेऊन ठेवला. कवळीवाल्यांनी जवळच्या दगडापासूनचं अंतर काचेवर वीत टाकून मोजलं.

"एक वीत आहे," ते म्हणाले. "आणखी दोन बोटं सरकव."

तिनं सरकवला. मग गाडी आली. खाली जाईपर्यंत दोघं जिन्यात बॅग कुणी धरायची यावरच बोलत होते.

पुढच्या रविवारी साडेदहाला फोन आला. कवळीवाल्यांनी आधीच खुर्चीवरून उठून फोटो काढला होता. अक्रोडाएवढा मेंदू, त्याभोवती रिकामी वाळू, आणि काचेत त्यांचं स्वतःचं बनियनवरचं प्रतिबिंब. दुसरा फोटो काढावा असं वाटलं होतं, पण काढला नाही. तोच पाठवला.

"मेंदू बरा दिसतोय," मुलगी म्हणाली. "तुम्ही बारीक झालात."

"काच वाकडी आहे."

"काच सरळ आहे, बाबा. मी बघून आलेय."

सात मिनिटं बोलणं झालं. तिला कुठंतरी जायचं होतं. त्यांनी कप धुतला, पुन्हा टाकीसमोर येऊन बसले आणि लॅबमध्ये कवळी तपासतात तशी नजर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत फिरवली. कोपऱ्यातला देठ आपल्या दगडावर होता. पंपाच्या झाकणाखाली मात्र तांदळाच्या दाण्याएवढा गुलाबी ठिपका होता; नवा.

त्यांनी उठून चिमटा आणला. या वेळी आधी बटण दाबून पंप बंद केला. घरात दुसरा कसलाही आवाज नव्हता, हे तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं. ठिपका बुडासकट निघेपर्यंत ते वाकून उभे राहिले, तो कागदावर पुसला, आणि पंप पुन्हा चालू केला.