‘लग्नानंतर बघू’ आणि आमची बस

रोज एकाच गाडीत त्याच त्या बायका बसायला लागल्या की किस्से जमवावे लागत नाहीत, ते आपोआप साचतात. आमची कंपनीची बस सकाळी पालघरहून सुटते, उमरोळीवरून बोईसर आणि मग तारापूर एमआयडीसी. पुढच्या सीटा लेडीजच्या. मागे पुरुषमंडळी माना टाकून झोपतात आणि पुढे आम्ही पुस्तकं, सिरियल आणि स्त्रीमुक्ती या तीन विषयांवर गळा काढतो. मागून कधीकधी ‘जरा हळू’ असा आवाज येतो. आम्ही तो ऐकत नाही.

आम्ही म्हणजे चौघी. मी क्यूएमध्ये, म्हणजे दुसऱ्याच्या चुका शोधण्याचा पगार घेते. शाहीन अकाउंट्सला. पॅकिंगच्या सुपरवायझर जयूताई सातपाटीच्या, आवाज असा की मशीन चालू असतानाही दुसऱ्या टोकाला ऐकू जातो. आणि लॅबमधली प्रणाली, केळव्याची, आमच्यात सगळ्यात लहान आणि सगळ्यात जास्त वाचणारी. हे सगळं सुरू केलं तिनेच.

आता हसत सांगतेय, पण गेल्या वर्षी या सगळ्या हसण्याखाली एक धाकधूक होती. प्रणालीचं लग्न ठरलं होतं आणि नोकरीचं विचारलं की सासरकडून एकच उत्तर यायचं, ‘लग्नानंतर बघू.’ हे उत्तर मिळालेल्या कितीतरी मुली याच बसमधून उतरल्या आणि परत चढल्या नाहीत. प्रणालीची सीट रिकामी होणार या भीतीने मला खरंच रात्री झोप लागत नव्हती.

*

सुरुवात एका जाडजूड कादंबरीने झाली. प्रणालीने ती आणली, बसमध्ये पहिलं पान मोठ्याने वाचलं आणि आमची भांडणं जुंपली. प्रत प्रणालीची एकच आणि वाचायची घाई चौघींना!

जयूताई म्हणाल्या, “द्या इकडं, मी करते बंदोबस्त.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी पिशवीतून चार पुस्तकं काढली. पॅकिंगच्या कटरने कादंबरीचे चार भाग केलेले, प्रत्येकाला खाकी पुठ्ठा आणि कंपनीची चिकटपट्टी! प्रणालीचा चेहरा बघवत नव्हता. ती पुस्तकाचं पान दुमडू देत नाही, बिचारी.

“अगं, मासा पण आख्खा खात नाय कोण, तुकडे करूनच वाटतात,” जयूताई म्हणाल्या.

वाटणीत जयूताईंना पहिला भाग आला आणि शाहीनला शेवटचा. जयूताई नायकावर लट्टू झाल्या. “काय पोरगा हाय! बायकोसाठी सगळ्या गावाशी भांडला!” असं रोज चालायचं. शाहीन खिडकीबाहेर बघत गप्प बसायची. शेवटी तिला राहवलं नाही.

“जयूताई, नका एवढा जीव लावू. माझ्याकडे कालच त्याचा दहावा झाला.”

जयूताई बोईसर येईपर्यंत तिच्याशी बोलल्या नाहीत.

*

मग कोरियन सिरियलचं वेड लागलं. नायिकेला सासऱ्याने घराबाहेर काढलं, हातात एक बॅग, बाहेर बर्फ. आम्ही आठवडाभर दुसरं काही बोललो नाही. ती कुठे जाणार, काय खाणार, नवरा तोंड उघडून का बोलत नाही! शाहीन तर रडली.

आमचे ड्रायव्हर यादवजी. माणूस कमी बोलणारा, बक्सरचा, बोईसरला बायकोसोबत राहतो. शनिवारी गेटवर उतरताना त्यांनी मला थांबवलं.

“मॅडम, बुरा मत मानिए. वो लडकी का कुछ हुआ क्या?”

“कौनसी लडकी?”

“वही, जिसको ससुर ने निकाल दिया. हमने घर में बताया. घरवाली बोली, उसको इधर ले आओ. ऊपर का कमरा खाली है, किराया नहीं लेंगे.”

चौघींनी एकमेकींकडे पाहिलं. ‘ती कोरियात आहे हो’ असं त्या माणसाला कोणत्या तोंडाने सांगणार?

शाहीननेच उत्तर दिलं. “मिल गया उसको घर, यादवजी. नौकरी भी लगी.”

यादवजींनी स्टिअरिंगला हात जोडले. “चलो, बच गयी बेचारी.”

नायिकेला प्रत्यक्षात नोकरी लागायला अजून बरेच एपिसोड होते. तोपर्यंत आम्ही बसमध्ये तिच्याबद्दल फक्त चांगलंच बोललो.

*

महिला दिनाला आमच्या कंपनीत दरवर्षी एक गुलाब आणि एक पाककला स्पर्धा. आम्ही दरवर्षी अर्ज करायचो की स्पर्धा नको, अर्धा दिवस सुट्टी द्या. एचआरचे साहेब गोड हसायचे आणि म्हणायचे, “अहो, तुमच्या कलागुणांना वाव नको का?”

प्रणालीने बसमध्ये भाषण ठोकलं. “बाई म्हटली की स्वयंपाकच का आठवतो यांना? आपण बहिष्कार टाकू!”

जयूताई म्हणाल्या, “बहिष्कार कशाला? भाग घेऊ.”

आणि घेतला. स्पर्धा एसी कॉन्फरन्स हॉलमध्ये, दारं-खिडक्या बंद, परीक्षक म्हणून हेड ऑफिसचे तीन साहेब, तिघंही कांदासुद्धा न खाणारे. नियम होता, पारंपरिक पदार्थ. जयूताईंनी मोठा डबा टेबलावर ठेवला आणि झाकण काढलं. आत भाजलेल्या सुक्या बोंबलांची चटणी, वर सुकटीचा मसाला!

पहिले साहेब रुमाल शोधायला गेले ते गेलेच. दुसऱ्यांना फोन आला. तिसऱ्यांनी धीर धरून विचारलं, “हे... हे असंच असतं?”

“पारंपरिक हाय, साहेब,” जयूताई म्हणाल्या. “आमच्या आज्जीच्या आज्जीपासून. वास घ्या ना, जवळ या.”

त्या हॉलमध्ये महिनाभर मीटिंग झाली नाही. यंदा नोटीस लागली, पाककला स्पर्धा रद्द, सर्व महिला कर्मचाऱ्यांना अर्धा दिवस सुट्टी. आम्ही नोटिशीसमोर उभं राहून फोटो काढला.

*

आता प्रणालीच्या बघण्याचा कार्यक्रम. मुलगा उमरोळीचा, मयुरेश, पालघरला इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान. चहापोहे झाल्यावर दोघांना ‘जरा बोला’ म्हणून वाडीत पाठवलं. नारळाच्या झाडाखाली उभं राहून आमच्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला, “स्त्रीवादाबद्दल तुमचं मत काय?”

मयुरेशने थोडा विचार केला आणि म्हणाला, “चालेल.”

तिने तिथूनच मला फोन केला. “‘चालेल’ म्हणाला गं! म्हणजे काय?”

सोमवारी पालघर ते तारापूर याच एका शब्दावर चर्चा. शाहीन म्हणाली, “चहात साखर कमी पडली तरी हेच म्हणतात. याला मत म्हणत नाहीत.” मी म्हटलं, निदान ‘नाही’ असं तर म्हणाला नाही. जयूताईंनी निकाल दिला, “घाबरला पोरगा. घाबरतो तो बरा. न घाबरणाऱ्यांनी आपली वाट लावलीय.”

प्रणालीला मुलगा आवडला होता, ते तिच्या हसण्यावरून कळत होतं. अडचण त्याची नव्हतीच, त्याच्या आईची होती. नोकरीचं विचारल्यावर बाईंनी पदर सारखा केला आणि ते प्रसिद्ध वाक्य म्हटलं. “तेवढं लग्नानंतर बघू.” मयुरेश आईसमोर ‘चालेल’सुद्धा म्हणाला नाही.

*

रुखवताची जबाबदारी आम्ही मागून घेतली. मैत्रिणीच्या लग्नात सुपाऱ्यांचा भटजी आणि लोकरीचं तोरण मांडायचं नाही, असं ठरलं. प्रणालीच्या आईच्या चेहऱ्यावर काळजी दिसत होती, तरी आम्ही केळव्याच्या मांडवात पुस्तकांचं तुळशीवृंदावन रचलं. खाली जाड कादंबऱ्या, मध्ये आत्मचरित्रं, वर खरी तुळस. स्त्रीवादाची पुस्तकं मुद्दाम दर्शनी बाजूला. शाहीन म्हणाली, “निदान एक लाडूचं ताट तरी ठेवा, नाहीतर मार खाऊ.” ठेवलं.

वरपक्षाच्या बायका आल्या. एक मावशी वाकून बघत म्हणाल्या, “ह्यात खायचं काय हाय?” शाहीनने ताट पुढे केलं.

मग मयुरेशची आई आली. प्रदक्षिणा घालावी तशी वृंदावनाभोवती फिरली. दर्शनी पुस्तकांवरची नावं एकेक करून वाचली, ओठ हलत होते. आम्ही चौकशीला उभं केल्यासारख्या ताठ.

“ठेवायला कपाट दिलंय का?” तिने विचारलं.

आम्ही माना हलवल्या, नाही.

“हं,” म्हणाली आणि गेली.

परतताना गाडीत आम्ही त्या ‘हं’चा कीस पाडला. शाहीनच्या मते तो सरळसरळ टोमणा होता. जयूताईंच्या मते बाई मनात कपाटासाठी भिंतीचं माप काढत होती. मला काहीच कळेना आणि त्यामुळे जास्त भीती वाटली. नवरीचे हात मेंदीने भरले होते, ती हसत होती आणि मला सारखं वाटत होतं की आपण हिला घालवून आलो.

*

प्रणालीची रजा संपली तो सोमवार. रविवारी केलेल्या मेसेजला तिचं उत्तर नव्हतं. जयूताईंनी पालघरलाच तिच्या खिडकीच्या सीटवर आपली पर्स ठेवली आणि बसायला आलेल्या नवीन मुलीकडे असं पाहिलं की ती मागे पुरुषांत जाऊन बसली. चौघींच्या जागी तिघी, आणि कोणाच्याही तोंडून शब्द नाही. मागच्यांपैकी एकाने काळजीने विचारलं, “आज काय झालं हो?”

उमरोळी नाका आला. प्रणाली नव्हती. होती तिची सासू, एकटी, रस्त्याच्या मधोमध, हात वर करून.

यादवजींनी कचकन ब्रेक मारला. बाई पायरीवर चढली. नोकरी सोडल्याचं सांगायला हिलाच पाठवलं, हे उघड होतं.

“तुमीच ना त्या पुस्तकवाल्या?” तिने विचारलं. “जरा थांबवा गाडी. ती येतेच हाय.”

जयूताई उठूनच उभ्या राहिल्या. “बरी हाय ना पोर?”

“तिला काय धाड भरलेय! डबा नाय झाला अजून.”

शाहीनने कपाळाला हात लावला आणि माझ्या कानाशी, पण चांगलं मोठ्याने म्हणाली, “बघ. पहिल्याच दिवशी घरभराच्या पोळ्या लाटायला लावल्या.”

बाईंनी ते ऐकलं. कंबरेवर हात ठेवून शाहीनकडे पाहिलं.

“ती कशाला लाटल? ती कवाची पर्स घेऊन ओट्यावर बसलेय. मयुरेश लाटतोय. दोन झाल्या, तिसरी तव्याला चिकटली, तर बोलतो कसा, ‘आई, तू कर ना, गाडी जाईल तिची.’”

यादवजींनी चावी फिरवून गाडी बंद केली. मागची मंडळी जागी झाली होती.

“मी बोलले त्याला, गाडी मी थांबवते. तू लाट!”