मालक : माहीत नाही

आमच्या कुत्रीच्या डाव्या कानाला टोकाशी एक खाच आहे. रस्त्यावरच्या कुत्र्यांची नसबंदी झाली की ती ओळखू यावीत म्हणून अशी खाच पाडतात. आमची कुत्री रस्त्यावरची नव्हती. तरी ती खाच कशी आली, ते लिहून ठेवतो आहे. शेजारच्या ताईंचा यात काडीचाही दोष नव्हता, हेही लिहायचं आहे. वर्षभर तो दोष मीच त्यांच्या माथी मारला होता.

मी रेणापूरच्या शाळेत मास्तर होतो. निवृत्तीनंतर लातूरला दोन खोल्यांचं घर घेतलं. पुढे अंगण, अंगणाला लोखंडी फाटक. कुत्री बायकोने मुरुडहून आणली होती, तिच्या भावाच्या शेतातून. इवलंसं बदामी पिल्लू पिशवीत घालून एसटीत बसली आणि कंडक्टरने विचारल्यावर म्हणाली, "भाजी हाय." ती भाजी लातूर येईपर्यंत कुईकुई करत होती. नाव आम्ही वेगळं ठेवलं होतं, पण बायको तिला नेहमी 'बयो' म्हणायची.

कुत्री सात वर्षांची असताना बायको न्हाणीघरात घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. मुलगी नांदेडला, म्हणून ऑपरेशन तिथेच केलं. पुढचे काही महिने मुलीकडेच काढायचे होते, विष्णुपुरीला, तिसऱ्या मजल्यावर. कुत्री तेवढ्यापुरती शेजारच्या ताईंकडे ठेवली.

पंधरा दिवसांत ताईंचा फोन आला. "गुरुजी, भाकर नुसती हुंगती अन् परत तुमच्या फाटकाशी जाऊन बसती. लई वाळली. काही झालं तर वहिनींना काय तोंड दाखवू?"

मी बायकोला काही न सांगता जीप भाड्याने घेऊन लातूरला गेलो. ताईंनी रस्त्यासाठी पाण्याची बाटली आणि दूधभाकरीचा डबा दिला. निघताना त्यांनी स्वतः फाटकाची कडी लावली. हे मला स्पष्ट आठवतं.

मुलीच्या इमारतीत कुत्री ठेवता येत नाहीत, हे मला आधीपासून माहीत होतं. लिफ्टशेजारी तशी पाटीच होती. जावई समजूतदार, त्यांच्याशी बोलून काहीतरी करू, असं मनाशी म्हणत होतो. नांदेड जवळ आलं तसा धीर सुटला. पण सगळा दोष त्या पाटीवर टाकून चालणार नाही. ऑपरेशननंतर बायकोने डोळे उघडले तेव्हा मी पलंगाशी उभा होतो. तिने पहिलं विचारलं ते, "बयोनं खाल्लं का?" दोन रात्री मी बाकावर काढल्या होत्या. ते मला लागलं होतं आणि जीपमध्ये मागे ती कुत्री बसली असताना ते पुन्हा आठवलं.

जीपवाला म्हणाला, "गुरुजी, हितंच पुढं एक संस्था हाय, जनावरं ठेवून घेती."

गावाबाहेर पत्र्याच्या चार शेड होत्या. फाटकावर बोर्ड होता : 'पाळलेली जनावरे येथे सोडून जाऊ नयेत.' खाली आणखी काहीतरी लिहिलं होतं, ते मी वाचलं नाही. आयुष्यभर पोरांना सांगत आलो की प्रश्न पूर्ण वाचा, मग पेन उचला. मी पहिली ओळ वाचली आणि पाळलेली घेत नाहीत म्हणजे न पाळलेली आहे असं सांगावं लागेल, एवढंच मला सुचलं. कुत्रीच्या गळ्यातला पट्टा काढून खिशात घातला. जीपवाल्याकडून दोरी घेतली. त्याने माझ्याकडे पाहिलं.

संस्थेतल्या बाई चाळिशीच्या असतील. त्यांनी कागद पुढे केला. मी माझ्या चांगल्या अक्षरात भरला. कुठे सापडली : विष्णुपुरी, धरणाचा रस्ता. मालक : माहीत नाही.

कुत्री माझ्या पायाशी चुळबुळ करत होती. सवयीने मी म्हणालो, "बस." ती बसली.

"काका, तुमचं तर ऐकून राहिली की," बाई म्हणाल्या.

"मास्तर होतो. सगळेच ऐकतात."

त्या हसल्या. मीही हसलो. मग मी निघालो. कुत्री भुंकली नाही. बसच म्हटलं होतं, म्हणून बसून राहिली.

दोन दिवसांनी मी बायकोला सांगितलं की ताईंचा फोन आला होता, त्यांच्याकडून फाटक उघडं राहिलं, बयो निघून गेली. ताईंना सांगितलं की कुत्री मुलीकडे आहे, छान रुळली. बायको म्हणाली, "मला फोन लावून द्या त्यांना." मी म्हणालो, "त्यांना आधीच लाज वाटून राहिली आहे, कशाला आणखी बोलायचं?"

"वाटू द्या," बायको म्हणाली. त्यानंतर ताईंचा फोन आला की ती डोळे मिटून पडायची.

त्याच महिन्यात एका दुपारी ती पलंगावर एकदम कोपरावर उठली. "ऐका. बयो भुंकली."

"धरणाकडची कुत्री आहेत," मी म्हणालो आणि खिडकी लावून घेतली.

लातूरला परत आलो तेव्हा ताई वरण-बट्टीचा डबा घेऊन आल्या. कुत्री मुलीकडेच राहिली, असं मी त्यांना दाराबाहेरच सांगितलं. बायकोने भिंतीकडे तोंड केलं. पुढे संक्रांतीला ताईंकडून वाण आलं, ते तिने तसंच परत पाठवलं. एक दिवस ताईंनी मला नळावर गाठलं. "गुरुजी, वहिनी माझ्याशी का बोलत न्हाईत? माझं काही चुकलं का?"

"दुखण्याने चिडचिड होते," मी म्हणालो. माझं खोटं टिकलं ते या दोघी बोलत नव्हत्या म्हणून. दोघी एकदा दोन वाक्यं बोलल्या असत्या तर मी पकडलो गेलो असतो. त्यामुळे त्यांचं न बोलणं मला सोयीचं होतं. हे लिहायला मला सगळ्यात जड गेलं.

बायको रोज संध्याकाळी पायरीवर चतकोर भाकरी ठेवायची. सकाळी ती कावळे न्यायचे.

मग त्या संस्थेचं शिबिर लातूरला आलं. कुत्र्या-मांजरांना लस फुकट टोचणार होते. त्याचं पत्रक पेपरातून घरात आलं. बायकोने ते भिंग धरून शेवटपर्यंत वाचलं. तिची वाचायची पद्धत माझ्यापेक्षा बरी आहे.

"हे बघा काय लिहिलंय. मालक दवाखान्यात असंल, गावाला गेला असंल, अडचणीत असंल तर जनावर सांभाळतात. बरा झाला की परत देतात." तिने पत्रक खाली ठेवलं. "नांदेडचंच हाय. आपल्याला ठाऊक असतं तर बयो आज हितं असती की हो."

मी चहा तसाच ठेवला. दुसऱ्या दिवशी पेन्शनचं काम आहे असं सांगून नांदेडची एसटी धरली.

फाटकावर तोच बोर्ड होता. या वेळी खालची ओळ वाचली : 'अडचण असेल तर आत येऊन बोला.'

आत एक नारळपाणीवाला बसला होता. त्याचा पाय प्लास्टरमधून नुकताच निघालेला. त्याचं पांढरं कुत्रं दीड महिना इथे होतं, ते न्यायला तो आला होता. दुसरी एक म्हातारी मांजरीच्या गळवाचं औषध घेत होती आणि ते कसं पाजायचं हे बाईंनाच शिकवत होती. अशा मालक असलेल्या जनावरांची शेड वेगळी होती. प्रत्येक जाळीच्या आत मालकाचं वापरलेलं, न धुतलेलं कापड टाकलेलं. कुठे बनियन, कुठे ओढणी, कुठे टॉवेल. वास ओळखीचा असला की जनावर खातं, असं बाईंनी सांगितलं. नारळपाणीवाल्याचा शर्ट त्यांनी घडी करून परत दिला. तो म्हणाला, "मॅडम, धुतला तरी चालला असता." बाई म्हणाल्या, "तुमच्या कुत्र्याला नसतं चाललं."

मी बाईंना सगळं सांगितलं. ऐकून झाल्यावर त्या कपाटाकडे गेल्या. मग जुनी फाइल काढली. माझं अक्षर समोर आलं.

"काका, तुम्ही त्या दिवशी नुसतं 'बायको दवाखान्यात आहे' म्हणाला असता," त्या म्हणाल्या, "तर ती त्या शेडमध्ये असती. तुमच्याकडून एक धोतर घेतलं असतं, बस्स."

पुढचं त्यांनी कागद बघून सांगितलं. भटक्या कुत्र्यांना नसबंदी करून, लस टोचून, कानाला खाच पाडून जिथून आणली तिथेच सोडावं लागतं. नियमच तसा आहे. तिला त्यांनी मी लिहिलेल्या जागी सोडलं, विष्णुपुरीला, धरणाच्या रस्त्यावर. चार दिवसांनी बाई तिकडून जात होत्या. कुत्री सोडली त्याच जागी बसलेली होती. बाकीच्या कुत्र्यांनी चावे घेतले होते. बाईंनी ओळखलं की हिला रस्त्यावर राहता येत नाही आणि परत आणलं. तारीख त्यांनी वाचून दाखवली. बायको कोपरावर उठली होती, ती दुपार याच चार दिवसांतली. मुलीच्या खिडकीपासून तो रस्ता चालत दहा मिनिटांवर आहे.

कुत्री मागच्या शेडमध्ये होती. तिथल्या जाळ्यांत कापडं नव्हती. तिने मला ओळखलं. उठली नाही. मी हाक मारली तेव्हा शेपूट एकदा हलली आणि थांबली.

"अशी लगेच नेऊ नका," बाई म्हणाल्या. "काकूंचं वापरलेलं लुगडं आणून द्या, आठवडाभर जाळीत ठेवू. मग काकूंना घेऊन या. सही त्यांची लागेल. तुमच्या सहीवर मी आता देणार नाही, राग मानू नका."

राग येण्यासारखं काही नव्हतं.

परतीच्या एसटीत मात्र मी पुन्हा वाटा शोधू लागलो. लुगडं गुपचूप नेता येईल. मग बायकोला सांगता येईल की शिबिरवाल्यांना कुत्री सापडली. घरी येऊन तिचं दोरीवरचं हिरवं लुगडं, सकाळी सोडलेलं, पिशवीत कोंबत होतो.

"माझं लुगडं कुठं घेऊन चाललात?"

ती दारात काठी टेकून उभी होती. मी म्हणालो, "बोहारणीला."

"ते फाटलं न्हाई. अन् आपल्या गल्लीत बोहारीण येऊन वरीस झालं. खरं बोला."

मी पलंगावर बसलो आणि खरं बोललो. खिशात घातलेला पट्टा इतके दिवस माझ्या पुस्तकांमागे होता, तोही काढून तिच्यापुढे ठेवला. तिने तो हातात घेऊन बक्कल उघडली, लावली, उघडली. मला वाटलं ती विचारेल, कुत्री कशी आहे.

"म्हणजे ताईंनी फाटक उघडं ठेवलं नव्हतं?"

"नाही. त्यांनी कडी लावली होती."

"अन् मी त्यांचं वाण परत पाठवलं." तिने काठी सावरली. "उठा."

"नांदेडची गाडी आता नाही."

"नांदेड मागनं. आधी त्यांच्या दारात चला. मी काही बोलणार न्हाई. तुम्ही बोलायचं, अन् मी उभी राहून ऐकणार. सगळं. 'लाज वाटून राहिली' म्हणाला होतात ना, तेबी."

शेजारचं दार बारा पावलांवर आहे. ताई दळण निवडत होत्या. बायकोला बघून त्या घाईने उठल्या, पदराने खुर्ची पुसली. मी उभ्यानेच सांगितलं. मध्ये दोनदा थांबलो तेव्हा बायकोने काठी जमिनीवर आपटली. सांगून झाल्यावर ताई मला काहीच बोलल्या नाहीत. अजूनही फारसं बोलत नाहीत. बायकोला म्हणाल्या, "वहिनी, वरीसभर मी इचार करून राहिले, की डब्यात मीठ जास्त पडलं होतं का काय."

बायको हसली आणि मग रडली. मी घरी आलो. त्या दोघी अंधार पडेपर्यंत बोलत होत्या.

आठवड्याने आम्ही नांदेडला गेलो. ताईही आल्या. कुत्री हिरव्या लुगड्यावर झोपली होती. बायकोने "बयो" म्हटलं तशी उठून जाळीवर चढली. बाईंनी जुना कागद पुढे केला. 'माहीत नाही' यावर मी रेघ मारली, बाजूला बायकोचं नाव लिहिलं. सही तिने केली.

आता कुत्री पायरीवर बसते. माझ्याजवळ येते, पण मी 'बस' म्हटलं की उठून आत बायकोकडे जाते. मी तो शब्द सोडून दिला आहे. त्या संस्थेत आता मी महिन्यातून दोनदा जातो. येणाऱ्यांचे कागद भरून देतो आणि आधी विचारतो, घरी काय अडचण आहे.

रस्त्याने जाणारे कान बघून थांबतात. "घरची कुत्री अन् खाच कशी हो?"

बायको पोळ्या लाटताना आतूनच सांगते, "त्यांनाच इचारा. ते सांगतात."

मी सांगतो.