अठरा माणसांची कंपनी आणि माझा डेटाबेस

पुण्यात मी अशा ठिकाणी नोकरीला होतो, जिथं खुर्ची बदलायलाही अर्ज ऑनलाइन करावा लागे. ती सोडून वडशाला आलो, तेव्हा मामा म्हणाले, "आपल्या कंपनीचं बुकिंग कम्प्युटरवर घे." मामांची कंपनी म्हणजे झाडीपट्टीतली, आमच्या पूर्व विदर्भातल्या भातपट्ट्यातली, नाटक कंपनी. अठरा माणसं, एक ट्रक, आणि बुकिंगची एक वही.

मी थेट बँकेला शोभेल असा डेटाबेस बसवला. हजार जणांनी एकदम बुकिंग केलं तरी हलणार नाही, असं छाती फुगवून सांगितलं. बुकिंग घ्यायला बसायच्या एकट्या बाई. पूर्वी त्या कंपनीच्या नायिका होत्या; आता भूमिका मिळत नव्हत्या, म्हणून मामांनी त्यांना ऑफिसातली खुर्ची दिली होती. ती खुर्ची टिकावी म्हणून त्या माझ्याकडून मुकाट्यानं माउस शिकल्या.

इथं खेळ गावच्या मंडईला, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेला होतो. बाईंनी तारीख विचारली की गावकरी म्हणत, "धान कापून झालं का ठरवू ना बाई, आत्ताच कसं सांगाव?" माझ्या डेटाबेसला मात्र तारीख हवीच असे. रिकामी ठेवली की तो आपणच एक जानेवारी टाकायचा. शिवाय एका तारखेला एकच गाव, हा नियमही मीच घातलेला. पहिल्या गावाची नोंद एक जानेवारीवर झाली. पुढच्या सात गावांना स्क्रीननं सांगितलं, कंपनी रिकामी नाही. बाईंनी त्या सगळ्यांना चहा पाजून परत पाठवलं.

मामांना कळलं तेव्हा ते ओरडले नाहीत. "काऊन रे, आपल्याले एवढं मोठं कायले पायजे होतं?" एवढंच म्हणाले. मी मोटारसायकलवर सातही गावं फिरलो, हात जोडले. सहा परतली. सातव्यानं आमच्या समोरच्या ऑफिसातली दुसरी नाटक कंपनी ठरवली होती. मग मी लॅपटॉपमध्येच मावणारा छोटा डेटाबेस केला, तारीख कोरी चालणारा.

सातव्या गावच्या मंडईच्या दिवशी आमची कंपनी खेळाविना बसून होती. मामा दुपारी अठराही जणांना घेऊन माझ्या घरी जेवायला हजर! मी वाढत होतो. बाई काही खाईनात.

"गाव गेलं तवापासून मले वाटून राह्यलं," त्या हळूच म्हणाल्या, "म्याच काही चुकीचं दाबलं. आता खुर्ची जाते."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "बाई, तुमचं काहीच चुकलं नाही. चूक माझी होती."

त्यांनी ताट पुढं केलं. "मंग भाजी वाढ ना."