‘बघू’चा अर्थ

खोगीरवाला परमुलखातून या शहरात आला, तेव्हा इथल्या भाषेतला पहिला शब्द शिकला तो ‘बघू’. खोली मागितली, घरमालक म्हणाला बघू. काम मागितलं, दुकानदार म्हणाले बघू. बिचारा दुसऱ्या दिवशी ‘बघितलं का?’ विचारायला जायचा आणि लोक हसायचे. मग त्याला उमगलं, की ही माणसं तोंडावर नाही म्हणत नाहीत, बघू म्हणतात. बायको आल्यावर त्यानं तिला आधी हेच शिकवलं.

खोगिरांचे दिवस तसे संपतच आले होते. रस्त्यावर घोडे कमी, मोटारी जास्त. शेवटी चामड्याच्या बॅगा करणाऱ्या एका कारखान्यात त्याला काम मिळालं. कारखाना कसला, पत्र्याची शेड, मालक आणि दोन कारागीर. घोड्याच्या पोटाखालून आवळायचा पट्टा जसा शिवतात, तसे यानं बॅगांचे पट्टे शिवले. ते काही केल्या तुटेनात. मागणी वाढली, शेडला शेड लागली, मशिनं आली, आणि नव्या माणसांना शिकवता शिकवता खोगीरवाल्याचे केस पांढरे झाले. तेव्हा कुठं धीर करून तो मालकाला म्हणाला, "मला भागीदार करून घ्या."

मालक म्हणाला, "बघू."

झालं. घरी येऊन यानं बायकोला सांगितलं, "नाही म्हणाला."

"नक्की काय म्हणाला?"

"बघू."

"मग नाहीच की," ती म्हणाली आणि भांडी पोत्यात भरायला घेतली. दुधानं तोंड पोळलेली माणसं ती, ताक फुंकणारच. मायदेशी भावाचं दुकान होतं, तिथं कसंबसं निभलं असतं. पण तिला जायचं नव्हतं. मुलं इथल्या शाळेत रुळली होती, आणि तीही.

शनिवारी तो आपली आरी आणि सुया फडक्यात गुंडाळत होता, तेवढ्यात मालक समोर आला. "हत्यारं कुठं चालवलीत?"

"घरी. तुम्ही नाही म्हणालात ना."

"मी कधी नाही म्हणालो? बघू म्हणालो. धाकट्या भावाचा हिस्सा आहे यात, त्याला विचारल्याशिवाय कसं सांगणार? आज तो कबूल झाला, तेच सांगायला येत होतो." मालकाचं डोकं फिरलं होतं. "एवढी वर्षं इथं काढलीत आणि साध्या ‘बघू’चा अर्थ कळत नाही?"

"कळतो," खोगीरवाला म्हणाला. "म्हणून तर निघालो."

आयुष्यभरात आपण किती जणांना बघू म्हटलं, ते मालकाचं मालकालाच ठाऊक. शेवटी म्हणाला, "हो. तुम्ही भागीदार. हे तरी कळलं?"

घरी बायको बांधलेल्या सामानावर बसली होती. "राहायचं," एवढंच तो म्हणाला. ती ताडकन उठली आणि पोत्यांच्या गाठी सोडायला लागली. पण गाठी याच्या हातच्या, मेण लावलेल्या दोऱ्याच्या. सुटता सुटेनात. तिचं नख मोडलं, आणि इतके दिवस दाबून धरलेलं रडू बाहेर पडलं. त्यानं सुरी घेतली आणि सगळे दोरे कापून टाकले.

"चांगला दोरा होता," ती डोळे पुसत म्हणाली. "परत लागला तर?"

"आता नाही लागणार," तो म्हणाला.