कार्डाला कुलूप

बेकरीवाली वस्तू फार जपायची. तिच्या ओव्हनचा दरवाजा सतरा वर्षांत कधी आपटला गेला नव्हता. त्यामुळे पीठ फुगवायच्या खोलीतल्या छोट्या कॉम्प्युटरचं मेमरी कार्ड एका वर्षात तिसऱ्यांदा गेलं, तेव्हा तिच्या मनाला फारच लागलं. तळहातावर मावेल एवढा तो कॉम्प्युटर खोलीचा हीटर सांभाळायचा आणि आजचा पाव कोणता, ते दुकानातल्या पडद्यावर दाखवायचा. कार्ड गेलं की हीटर चालूच राहायचा. या वेळी तर पीठ टोपातून उतरून दारापर्यंत आलं आणि तिच्या नवऱ्याला खिडकीतून आत शिरावं लागलं.

तिने धाकट्या दिरांना बोलावलं. ते घड्याळं दुरुस्त करायचे.

“वहिनी, कार्डावर किती वेळा लिहायचं याला मर्यादा असते,” ते म्हणाले. “खोडून खोडून वहीचं पान विरतं, तसं तेही विरतं.”

“पण मी कुठे काय लिहिते?”

“तुम्ही नाही. हा लिहितो.”

दिरांनी नोंदी उघडल्या. दर सेकंदाला एकच ओळ: तापमान ठीक. वर कुठलीही फाइल नुसती वाचली, तरी ती केव्हा वाचली हेही तो टिपून ठेवत होता.

“याला दुसरा उद्योग नाही का?” तिने विचारलं.

दिरांनी वाचल्याच्या नोंदी बंद केल्या. बाकीच्या दिवसभर तात्पुरत्या मेमरीत राहतील आणि संध्याकाळी एकदाच कार्डावर उतरतील, अशी सोय केली आणि ते गेले.

पण तिला आता चेव चढला होता. एकदा तरी का लिहायचं? चार पानं वाचून तिने अख्ख्या कार्डालाच कुलूप घातलं. वाचायचं तेवढं वाचा, लिहायची बंदी. त्याआधी पडदा चालतो का हे बघायला तिने मनात आलं ते टाइप केलं होतं: बिस्किटं वरच्या फळीवर, सासूबाईंना सांगू नका.

सकाळी तिने ती ओळ पुसून ‘आज लसूण पाव’ असं लिहिलं. दहा वाजता वीज गेली आणि आली. तात्पुरत्या मेमरीतला लसूण पाव विजेबरोबरच गेला. कॉम्प्युटरने कार्डावर होतं तेच इमानेइतबारे पुन्हा वाचलं. नेमक्या तेव्हाच सासूबाई दुकानात आल्या. त्यांनी चष्मा लावून ते सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं.

“वरची म्हणजे कुठली फळी?” त्यांनी विचारलं.

चार गिऱ्हाइकांनी एकदम बोट दाखवलं.

बेकरीवालीने कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. तीच ओळ. तिने मागच्या खोलीतून दिरांना फोन लावला.

“भावोजी, पुसलं तरी परत येतंय.”

“मग कार्ड उत्तम चाललंय, वहिनी.”

कुलूप काढा, ओळ बदला, पुन्हा कुलूप लावा, असं त्यांनी सांगितलं. ते जमेपर्यंत सासूबाई पिठाच्या पोत्यावर बसून पाचव्या बिस्किटापर्यंत पोहोचल्या होत्या.

“जरा कडक झालीत,” त्या म्हणाल्या आणि सहावं उचललं.

ते कार्ड पुढे चार वर्षं चाललं. दिरांनी आपल्या दुकानातल्या कॉम्प्युटरलाही तसंच कुलूप घालून मागितलं. तिने घालून दिलं, पण आधी त्यांना बाहेर उभं करून पडद्यावरचा मजकूर स्वतः दोनदा वाचला.