जागा रिकामी न्हाय

महिपतीला बायल्या म्हननारी तोंडं ह्या चाळीत लई हायती. म्हना की! मी त्याच्या भिंतीला भिंत लावून राहते, त्यो कसा हाय ते मला इचारा.

सोलापुरात गिरनीत मागावर कामाला. बायको गोजरबाई. तिच्या छातीत गाठ निघाली. डॉक्टर म्हनला, कॅन्सर हाय, मिरजेच्या दवाखान्यात न्हेऊन कापून घ्या, उशीर केला तर बाई हातची जाईल. महिपती घरी आला त्यो पांढराफटक पडलेला. तरी म्हनला, "उद्याच जाऊ."

पन गोजरबाई हटून बसली. तिच्या थोरल्या भनीला असंच दुखनं लागलं, तवा सासरच्यांनी तिला माहेरी घालवली अन् म्हैन्याच्या आत दुसरी आनली. "मी उंबरा वलांडला की माझी जागा गेली," म्हनायची. त्यानं शपथा घेतल्या, हातापाया पडला. ऐकंल तर शप्पत!

त्यात करकंबाहून त्याची आई, बाळाबाई, येऊन बसलेली. गोजरबाईचा हात वर व्हईना, दळून मी द्यायची. म्हातारीचं एकच गानं, "हिला माहेरी धाड, घरात दळायला बाई पायजे." अन् एका सुट्टीच्या दिशी तिनं लेकाला न इचारता सोयरेच आनले की! महिपतीला दुसरी म्हनून द्यायच्या पोरीचा बाप अन् चुलता. गोजरबाई तितंच कोपऱ्यात गोधडीवर पडलेली. मेली लाज कुटं ठिवली व्हती म्हातारीनं! झिंज्या उपटाव्या वाटल्या मला.

"बघा पावनं," म्हातारी म्हनली, "घरात दळायला बाई न्हाय."

महिपती उठला. जोंधळ्याची पाटी घेतली अन् पावन्यांच्या म्होरं जात्यावर बसला. पीठ कसलं, जाड्याभरड्या कन्या पडाय लागल्या! निम्मं जोंधळं भुईवर. दारात बायका तोंडाला पदर लावून हसत व्हत्या.

"आरं, गड्यानं जात्यावर बसावं व्हय?" म्हातारी वराडली.

"दळायची अडचन व्हती न्हवं? मिटली. पावनं, बसा, भाकरी खाऊन जावा. पर पोरीला सांगा, ह्या घरातली बाई मिरजेला चाललीया अन् माघारी येनार हाय. हितं जागा रिकामी न्हाय."

पावन्यांनी पायतानं घातली. म्हातारी शिव्या घालत त्यांच्या मागं गेली. दारातल्या बायकांना मी हाकललं.

सगळी गेली तरी ह्येचा हात थांबंना. वाकून बघते तर गडी रडत व्हता.

"गोजरे, मला लई भ्या वाटतंय गं. तू न्हाय वाचलीस तर मी काय करू?"

गोजरबाई भिंतीला धरून उठून बसली.

"मलाबी वाटतंय की," ती म्हनली. "पेटीतलं लुगडं काढा. आजच्याच गाडीनं जाऊ."