चिंचेनं उजळलेला शिलिंग

भिजत घातलेल्या चिंचेचा वास लंडनमधल्या ईलिंगच्या आमच्या स्वयंपाकघरात पसरला की बाहेर कितीही धुरकट ऑक्टोबर असो, मला आधी ऐकू येतो तो हातोडीचा ठोका. वासातून आवाज यावा हे चमत्कारिकच; पण माझं बालपण गेलं तांबट आळीत, आणि तिथे या दोन गोष्टी कधी वेगळ्या नव्हत्याच. पुढच्या ओट्यावर वडील तांब्याचा पत्रा लोखंडी खुंट्यावर फिरवत ठोकत असायचे, आणि मागच्या पडवीत आई तयार झालेल्या घागरी-हंडे चिंचेच्या कोळानं घासून उजळत असायची. भांडं आगीतून यायचं तेव्हा काळंठिक्कर असायचं. आईच्या हाताखालून गेलं की उगवतीच्या रंगाचं होऊन दुकानात जायचं. न उजळलेलं भांडं गिऱ्हाइकाच्या हाती देणं म्हणजे नाक न पुसलेलं मूल पाहुण्यांपुढे आणणं, असं ती म्हणे. त्या ठोक्यांच्या तालावर मी पाढे पाठ केले, त्याच तालावर दहावी-बारावी झाले आणि घराण्यातली पहिली पदवीधर होऊन, एकामागून एक मोठ्या होत जाणाऱ्या गावांमधून इथवर आले. आता स्लाऊमधल्या एका कंपनीत संगणकापुढे बसते. तिथे कशाचाच आवाज होत नाही.

हातानं ठोकलेल्या जुन्या इंग्रजी चांदीच्या नाण्यांचा नाद मला लागला तो कदाचित या निःशब्दतेमुळेच. एका पावसाळी शनिवारी, पाऊस चुकवायला म्हणून, मी एका चर्चच्या हॉलमध्ये शिरले. आत नाण्यांचा बाजार भरला होता. एका टेबलावरच्या थाळीतून मी सहज एक पातळ, नीट गोलही नसलेलं नाणं उचललं, आणि अंगठा त्याच्या कडेवरून फिरताच हातानं ओळखलं की हे यंत्राचं नव्हे, हे ठोकलेलं आहे. घागरीच्या पोटावर डोळे मिटून बोटं फिरवली तर जे लागतं, तेच तिथे लागलं. शेजारच्या खुर्चीत ऐंशी ओलांडलेले एक उंच, वाकलेले गृहस्थ बसले होते. ते म्हणाले, "बहुतेक लोक आधी राजाचा चेहरा बघतात. तुम्ही कड बघितलीत." ते आर्थर. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले, पत्नी निधन पावलेली, घरात सागवानी रंगाचं एक छोटं कपाट आणि त्याच्या उथळ खणांतून सतराव्या शतकातली चांदी.

पुढची चार वर्षं महिन्यातला एक शनिवार मी त्यांच्याकडे जात राहिले. जे शिकले ते त्यांच्या जेवणाच्या टेबलावर. चांदीची चकती खालच्या ठशावर ठेवायची, वर दुसरा ठसा धरायचा आणि घाव घालायचा. एका घावात राजा एका बाजूला, ढाल दुसऱ्या बाजूला. घाव तिरका पडला तर राजाचा मुकुट कडेबाहेर जायचा, जोर कमी पडला तर नाक उमटायचंच नाही. त्यामुळे एका टाकसाळीतली, एकाच दिवसाची दोन नाणीसुद्धा एकमेकांसारखी नसतात. त्याच शतकात आपल्याकडे शिवराई अशीच ठोकली जात होती, हे मी सांगितलं तेव्हा ते वहीत लिहून घेणारे आर्थर मला आठवतात; इतक्या वयाचा शिक्षक माझ्याकडून काही लिहून घेतो आहे, या जाणिवेनं त्या दिवशी बसमध्ये मला बसवेना. माझ्याजवळ आज अकरा नाणी आहेत, झिजलेली, कडा कातरलेली, एकाला तर माळेत ओवायला पाडलेलं भोक. त्यांतलं प्रत्येक कसं बघायचं ते मला त्या माणसानं दिलं आहे.

आणि तरीही मी त्यांच्याशी एका बाबतीत खरं बोलले नव्हते. पहिल्याच भेटीत त्यांनी विचारलं होतं, धातूची इतकी जाण कुठून आली? मी म्हणाले, वडिलांचा मेटलचा बिझनेस होता. खोटं नव्हतं ते. पण ओट्यावर मांडी घालून बसलेला, बोटांची नखं कायमची काळी झालेला माणूस त्या शब्दांत कुठेच नव्हता, आणि पडवीतली बाई तर नव्हतीच.

आर्थरच्या कपाटातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट नाणी नव्हेत, चिठ्ठ्या. प्रत्येक नाण्याखाली, खणातल्या गोल खाचेत मावेल एवढीशी वाटोळी कागदी चिठ्ठी असते. नाणं कोणतं, कुणाकडून आलं, त्यातलं वैगुण्य काय, सगळं मुंगीएवढ्या अक्षरांत. नवा मालक जुनी चिठ्ठी फेकत नाही, तिच्याखाली आपली ठेवतो. त्यांच्या लाडक्या शिलिंगखाली अशा तीन होत्या; तिसरी त्यांची, पन्नास वर्षांपूर्वीची. पुढे ज्याचं मस्तक उडवलं गेलं त्या राजाचा तो शिलिंग. शिलिंग म्हणजे बारा पेन्स, म्हणून मानेमागे बाराचा रोमन आकडा, भोवती अक्षरांचं कडं, आणि त्या सगळ्यावर हवेनं आणि काळानं चढवलेला रंग: कडेला पारव्याच्या गळ्यासारखा निळा-जांभळा, आत येईतो पावसाळी आभाळाचा करडा. चांदीला असा रंग यायला आयुष्यं जावी लागतात. संग्राहक त्याला जिवापाड जपतात. नाणं कडेवर धरतात, खाली मऊ कापड अंथरतात, आणि घासण्याचा विचार तर मनातही आणत नाहीत. घासलेलं नाणं ही त्यांच्या लेखी एक प्रकारची हत्याच.

गेल्या शरदात आमच्या नाणेमंडळात पहिल्यांदाच मला बोलायला सांगितलं, 'शिलिंग कसा घडायचा' या विषयावर. आर्थरनी तो शिलिंग, डबीत घालून, महिनाभरासाठी माझ्या हाती दिला. "फोटोवर बोलू नका, हे दाखवा." मला नको म्हणता आलं नाही.

त्याच सुमारास आई आली होती. वडील गेल्यानंतरची ही तिची पहिलीच परदेशवारी. मी डबी उघडून तिला नाणं दाखवलं, कापड अंथरून, कड चिमटीत धरून. ती हसली. "नाणं आहे का अंडं गं हे?" आणि मग जरा निरखून, "काय काळवंडलंय बिचारं." मी डबी मिटून शेल्फवर ठेवली. रंगाबद्दल एक अक्षर तिला सांगितलं नाही. सांगावंसं वाटलं नाही, हे खरं कारण. आईला यातलं काय कळणार, असं कुठेतरी आत वाटून गेलं असणार.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मी साउथॉलला झेंडूची फुलं आणायला गेले. परत आले तेव्हा दारातच चिंचेचा वास आला. देवापुढच्या तबकात, हळदकुंकवाच्या मधोमध, तो शिलिंग पांढराशुभ्र चमकत होता, कालच ठोकल्यासारखा. चिंचेचा कोळ, त्यात भारतातून आणलेल्या रांगोळीची चिमूट, आणि चाळीस वर्षांचा सराव असलेला अंगठा. निळा गेला होता, जांभळा गेला होता, आभाळ गेलं होतं.

"बघ," आई म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर मी तो भाव कितीतरी वर्षांनी पाहिला, पडवीतून हंडा उचलून दुकानात देतानाचा. "कुणी हातच लावला नव्हता वाटतं त्याला. अशा अंगानं लक्ष्मीपुढे कसं ठेवायचं?"

मी फुलं ओट्यावर ठेवली. काय बोलले आठवत नाही. छान झालंय, असंच काहीतरी. आरती म्हणताना माझी नजर तबकावरून हलत नव्हती आणि आईची माझ्यावरून. गप्प राहणं शक्य होतं. आजारी आहे म्हणून भाषण टाळता आलं असतं, डबी महिनाभरानं परत करताना काहीतरी रचता आलं असतं. पण ज्या माणसानं मला नाणं बघायला शिकवलं त्याच्यासमोर पुन्हा एकदा अर्धं खरं घेऊन बसायचं, हे मला नको होतं. ते मला पुन्हा घरात घेतील का, हे ठाऊक नसताना मी दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना फोन केला, येते म्हणून.

आईही निघाली. दिवाळीत कुणाकडे रिकाम्या हातानं जायचं नसतं, म्हणून डब्यात करंज्या. बसच्या वरच्या मजल्यावर, ओल्या पानांनी पिवळ्या झालेल्या रस्त्यांवरून जाताना मी तिला सगळं सांगितलं. तिनं मांडीवरचा डबा सरळ केला. मग म्हणाली, "आधी का नाही सांगितलंस? मी अडाणी असेन, खुळी नाहीये."

आर्थरनी डबी खिडकीजवळ नेली. भिंग डोळ्याला लावलं. मी उभ्यानंच बोलत राहिले: दिवाळी, चिंच, आणि मग, त्याशिवाय चिंचेचं स्पष्टीकरणच होत नव्हतं म्हणून, तांबट आळी, ओटा, पडवी. बिझनेस नव्हता, म्हणाले. वडील भांडी ठोकायचे आणि आई ती उजळायची, त्यावर मी शिकले. त्यांनी भिंग खाली ठेवलं, चष्मा काढला आणि तो उगाचच पुसला. "पन्नास वर्षं मी तो रंग बघत होतो," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

तेव्हा आई माझ्या दंडाला धरून म्हणाली, "त्यांना सांग, चूक माझी आहे, पोरीची नाही. आणि विचार, हे ठोकताना हात कुणाचा सरकला?"

मला कळेना. तिनं नाणं घेतलं. कडेवर धरून, माझ्याचसारखं. राजाच्या मानेमागच्या अक्षरांकडे बोट दाखवलं. तिथे प्रत्येक अक्षराला स्वतःचीच एक पुसट सावली होती. "घासताना लागलं बोटाला. घाव दोनदा घातलाय. पहिला पुरा बसला नाही, दुसऱ्याआधी वरचा ठसा धरणाऱ्याचा हात जरासा सरकला. तुझ्या बाबांचं व्हायचं असं, दमले की. संध्याकाळकडची भांडी मी बोटांनी ओळखायची."

मी भाषांतर केलं. आर्थरनी पुन्हा भिंग उचललं. दुहेरी घावाची नोंद त्यांच्या चिठ्ठीवर होती, पन्नास वर्षांपूर्वीच. "पण दमलेला माणूस," ते हळूच म्हणाले, "तो मला दिसला नव्हता." आईनं करंज्यांचा डबा उघडला, तिला वाटलं, आता चालेल.

चहा झाल्यावर त्यांनी कपाटाच्या तळच्या खणातून एक कोरी वाटोळी चिठ्ठी काढली. नाण्याचं जे होतं ते लिहून ठेवायचं असतं, म्हणाले, बरं-वाईट दोन्ही. नाहीतर पुढच्यानं कुणावर विश्वास ठेवायचा? एका बाजूला त्यांनी लिहिलं: चिंचेनं उजळला, ईलिंग, दिवाळी. मग चिठ्ठी उलटी करून पेन आईपुढे धरलं. ज्यांच्या हातून गेलं त्यांचं नाव, म्हणाले.

आई चौथी शिकलेली. रेशनकार्डावर, पासबुकावर, माझ्या शाळेच्या दाखल्यावर तिनं आजवर जिथे जिथे सही केली तिथे तिचं नाव वडिलांच्या नावाला धरून आलं होतं. ती टेबलावर वाकली, जीभ ओठांत धरून, आणि रुपयाएवढ्या त्या कागदावर एकच शब्द मावला: यमुना. पुढचं लिहायला ती थांबली, कागदाची कड बघितली, आणि पेन परत दिलं.

शिलिंग आर्थरनी माझ्याच हाती दिला. भाषणाला तोच न्यायचा होता. "रंग परत येईल," दारात कोट चढवायला मदत करत ते म्हणाले. "चाळीसएक वर्षं लागतील. मी थांबायचा प्रयत्न करीन."

भाषणाची सुरुवात मी आमच्या ओट्यापासून केली. आर्थर पहिल्या रांगेत होते, गुडघ्यावर वही. आई त्यांच्या शेजारी बसली होती, एक अक्षर न समजता, पण मी हवेत हातोडी उचलली तेव्हा तिनं मान डोलावली. मनगट बरोबर होतं.

आता मार्च चालू आहे. आई गावी परतली, शिलिंग खणात परतला, खाली चार चिठ्ठ्या घेऊन. गेल्या शनिवारी आर्थरनी तो खण बाहेर ओढला आणि खिडकीच्या उजेडात धरला. राजाच्या मानेच्या खळग्यात, अक्षरांच्या त्या सावलीपाशी, श्वासाएवढी पातळ पिवळसर झाक धरू लागली होती, पातळ चिंचेच्या पाण्यासारखी. मी तिथूनच आईला फोन लावला. ती म्हणाली, "परत काळं पडायला लागलं? मग यायलाच हवं मला."

मी ते आर्थरना इंग्रजीत सांगितलं. ते खूप वेळ हसले, डोळे पुसेपर्यंत. मग त्यांनी खण आत सरकवला, पण पूर्ण लावला नाही. हवा लागू दे थोडी, म्हणाले, आणि बोटभर उघडाच ठेवला.